शिस्त नाही म्हणू नका, पत्त्याचं बघा

"स्थलांतरित बायकांचे बचत गट टिकत नाहीत कारण त्यांना बचतीची शिस्त नसते" हे बचत गटांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही, ताई. मी नाशिकच्या सातपूरला आमच्या गटाचं रजिस्टर लिहिते, बारा जणी आहोत, कोणी सुरगाण्याची कोणी पेठची, दोघी जळगावकडच्या, एक बिहारची, कोणी कंपनीत पॅकिंगला तर कोणी धुणीभांडी करते, आणि पगार झाला की दोनशे रुपये ठरलेले. एकजण दरवर्षी भाताच्या लावणीला गावाला जाते, पण जायच्या आधी पुढच्या दोन महिन्यांचे चारशे पदराच्या गाठीतून सोडून माझ्या हातात देते आणि समोर बसून अंगठा उठवते, मगच बस पकडते. अजून कशाला म्हणायचं शिस्त?

आमचं अडलं ते बँकेत. आधार गावाकडचं, घरमालक भाडेकरार करून देत नाही आणि शाखेत बाराही जणींचा नाशिकचा पत्ता मागितला. खरं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमात गटाचं खातं उघडायला सगळ्यांचं केवायसी, म्हणजे ओळख-पत्त्याची कागदपत्रं, लागतच नाही, पदाधिकाऱ्यांचं पुरतं, हे आम्हाला कळेपर्यंत आठ महिने पैसे माझ्या घरी पत्र्याच्या डब्यात होते. खातंच नाही तर शहरातल्या बचत गटांसाठी तेव्हा असलेल्या सरकारच्या नागरी उपजीविका अभियानाचा १०,००० चा फिरता निधी, म्हणजे गटाला आपापसात कर्जाऊ फिरवायला मिळणारे पैसे, येणार कुठे होता? लेखात याबद्दल एक ओळ पण नाही. ताई, पुढच्या लेखाआधी एकदा आमच्या मीटिंगला या, रविवारी दुपारी तीनला असते, सगळ्या जणी भेटतील.