मला थोडा जास्त भाजलेला हवाय!

प्रवासात उत्तम स्टेक, म्हणजे भाजलेल्या गोमांसाचा जाड तुकडा, शोधणं अवघड नसतं. हॉटेलच्या काउंटरवर ‘चांगला स्टेक कुठं मिळेल?’ असं मात्र विचारू नये. तो माणूस नकाशावर गोल करून देतो आणि तिथं पोचल्यावर तसाच गोल केलेले नकाशे घेऊन सोळा जण रांगेत दिसतात. ‘तुम्ही स्वतः कुठं खाता?’ असं विचारावं. खरा पत्ता तेव्हा निघतो.

खरी परीक्षा ऑर्डर देताना असते. मला मांस पूर्ण भाजलेलं लागतं, आणि हे जगातल्या कुठल्याच चांगल्या आचाऱ्याला मान्य नाही.

पॅरिसमध्ये स्टेक किती भाजायचा याच्या एका प्रकाराचं नाव ‘आ प्वँ’. त्याचा अर्थ ‘अगदी योग्य’ असा कळला. योग्य म्हणजे योग्यच, म्हणून मागवला. आतून लालगुलाबी! तो लाल रस रक्त नसतो, मायोग्लोबिन नावाचं प्रथिन त्याला रंग देतं, हे मी प्रत्येक घासाला स्वतःला बजावत होतो. घास ऐकत नव्हता.

फ्लॉरेन्सला बिस्तेक्का आल्ला फियोरेन्तीना, म्हणजे तिथला प्रसिद्ध स्टेक. मेनूवरचा आकडा बघून वाटलं, अरे, स्वस्तच की! तो आकडा शंभर ग्रॅमचा होता आणि तुकडा सव्वा किलोचा. बरोबर कुणी नाही. वेटरनं आधी कच्चा तुकडा आणून दाखवला, तीन बोटं जाडीचा, हाडासकट. मी पारख्यासारखी मान डोलावली आणि हळूच म्हणालो, ‘जरा जास्त भाजाल का?’ वेटरनं वही मिटली. आला तो त्यांच्या रिवाजाप्रमाणेच: बाहेरून काळा, आत लाल.

अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आयरेसला मात्र तयारीनं गेलो. ‘बिएन कोसीदो’, म्हणजे पूर्ण भाजलेलं, हे विमानातच पाठ केलं. संध्याकाळी सात वाजता पोचलो तर दाराला कुलूप. तिथं लोक रात्री नऊ-दहाला जेवतात, हे पाठ करायचं राहिलं होतं. दोन तास त्याच रस्त्यावर फेऱ्या मारल्या. शेवटी मेनू हातात आला. ‘बिफे दे चोरिसो’ वाचलं आणि चोरिसो म्हणजे सॉसेज, एवढं ज्ञान असल्यामुळे ते ऐटीत टाळलं. त्याऐवजी ‘चिंचुलिनेस’ मागवलं, नाव गोड वाटलं म्हणून. शेजारच्या टेबलावर एक जाडजूड, देखणा स्टेक आला. ‘हा कुठला?’

‘बिफे दे चोरिसो,’ वेटर म्हणाला.

तेवढ्यात माझी थाळी आली. खरपूस, कुरकुरीत, काठोकाठ भाजलेली. इतक्या देशांत पहिल्यांदाच मला हवं तसं भाजलेलं काहीतरी पुढ्यात आलं होतं.

ती गाईची आतडी होती.