सराफांच्या कमानीवरची रिकामी जागा

२०२५च्या मार्चमध्ये खुलताबादची औरंगजेबाची कबर उखडून टाका, ही मागणी जोरात होती. तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने मला विचारलं, "मामा, ज्याने आपल्या राजाचे हाल हाल केले, त्याची खूण आपल्या मातीत कशाला?" त्याचा राग मला समजतो. शंभूराजांचं नाव निघालं की माझ्याही पोटात तुटतं. पण मी रोममध्ये राहतो आणि इथला एक दगड मला गप्प बसू देत नाही.

टायबर नदीजवळ, सान जॉर्जो चर्चच्या भिंतीला खेटून एक बुटकी संगमरवरी कमान आहे. इसवी सन २०४मध्ये इथल्या सराफांनी आणि गुरांच्या व्यापाऱ्यांनी सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या कुटुंबासाठी ती उभारली. आतल्या एका बाजूला सम्राट आणि राणी ज्यूलिया डोम्ना देवाला अर्घ्य देताना कोरलेत. राणीच्या शेजारी मात्र नुसता खरवडलेला दगड. तिथे तिचा धाकटा मुलगा होता, गेटा. समोरच्या बाजूला थोरला काराकाल्ला उभा आहे, एकटा. त्याच्या बायकोची आणि सासऱ्याची जागाही तशीच खरवडलेली.

२११मध्ये सेव्हेरस यॉर्कला वारला. एकोप्याने राहा, सैनिकांचे खिसे भरा, बाकीच्यांना मोजू नका, असं तो मुलांना सांगून गेला म्हणतात. एकोपा कुठला! दोघेही सम्राट, दोघांनाही एकमेकांची धास्ती. महालाचे दोन भाग झाले, मधले दरवाजे बंद झाले. त्या काळातला इतिहासकार हेरोडियन लिहितो की दोघे एकमेकांचे आचारी फोडून विष घालायला बघत होते. साम्राज्याची वाटणी करायचं निघालं तेव्हा ज्यूलिया म्हणाली, जमीन आणि समुद्र वाटाल, आईची वाटणी कशी कराल?

डिसेंबरात काराकाल्लाने समेटाचं निमित्त केलं आणि आईकरवीच गेटाला तिच्या दालनात बोलावलं. शतकाधिपती, म्हणजे सैन्यातले तुकडीनायक, आत घुसले. गेटा आईच्या गळ्याला बिलगला, वाचव म्हणून ओरडला आणि तिच्या मिठीतच मेला. स्वतःच्या हाताला झालेली जखमही तिला कळली नाही, असं त्या काळातला सिनेटर कॅसियस डायो सांगतो. तिला रडायचीही बंदी होती. शनिवारवाड्यातली "काका, मला वाचवा" ही हाक ऐकत वाढलेल्या माणसाला ते पान पुढे वाचवत नाही.

मग गेटाच्या माणसांची कत्तल झाली. डायोचा आकडा वीस हजारांचा आहे. जिथे जिथे त्याचं नाव होतं तिथे छिन्नी चालली. पण फोरममधल्या, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकातल्या, सेव्हेरसच्या मोठ्या कमानीवर आजही मान वर करून पाहिलं, तर कोरलेल्या लेखाच्या चौथ्या ओळीत नव्या अक्षरांखाली जुन्या कांस्याक्षरांची भोकं दिसतात.

काराकाल्लाची भीती काही गेली नाही. २१७च्या एप्रिलमध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या कार्‍हेजवळ तो लघवीला उतरला असताना त्याच्याच एका सैनिकाने त्याला भोसकलं. कट होता रक्षकदलप्रमुख मॅक्रिनसचा. काराकाल्ला आपल्याला मारेल, या भीतीने त्याने आधीच वार करवला आणि स्वतः सम्राट झाला.

या भ्रातृहत्याऱ्याच्या नावाची स्नानगृहं रोमने पाडलेली नाहीत. उन्हाळ्यात तिथे ऑपेरा होतो. आणि त्यानेच २१२मध्ये साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, रहिवाशांना नागरिकत्व दिलं. राहण्याचा परवाना वाढवून घ्यायला रांगेत उभा असलो की मला हे आठवतंच.

खुलताबादची कबर मला तशीच हवी आहे, आणि ती औरंगजेबावरच्या प्रेमापोटी नव्हे. बापाला कैदेत टाकून, भावांना मारून गादीवर आलेला हा बादशहा मराठ्यांना संपवायला दक्षिणेत उतरला आणि पंचवीस वर्षं झुंजून १७०७मध्ये तिथेच मेला. दिल्ली त्याला पुन्हा दिसली नाही. ही गोष्ट सांगणारी जागा आपणच का पुसायची?

भाच्याला लिहिलंय, डिसेंबरात ये. आधी कमानीकडे जाऊ. आईच्या शेजारचा तो खरवडलेला दगड तुला दाखवायचाय.