वेग वाढवणारी ती बॅच फाइल, आधी नोटपॅडमध्ये उघडा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक छोटी बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने आज्ञा देणारी साधी मजकूर-फाइल, फिरतेय. सोबतच्या मजकुराचा आशय असा: फाइलवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करा, सिस्टम रीस्टोर कायमचं बंद होईल, 30-40 जीबी जागा सुटेल, कॉम्प्युटर दुप्पट पळेल, एसएसडी जास्त टिकेल, लपून बसलेले व्हायरस जातील. आणि शेवटी, 'तसंही रीस्टोर कधी चालतंच नाही.' सिस्टम रीस्टोर म्हणजे विंडोजची मागे फिरायची सोय: सिस्टमच्या त्या-त्या वेळच्या स्थितीची नोंद, म्हणजे रीस्टोर पॉइंट, ठेवायची आणि गडबड झाली की तिथे परत जायचं.

मी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली. कामाच्या ओळी तीन. पहिली सी ड्राइव्हचं संरक्षण बंद करते. दुसरी व्हीएसएसअ‍ॅडमिन या विंडोजच्याच अवजाराला सांगून सगळ्या शॅडो कॉपी, म्हणजे रीस्टोर पॉइंटसाठी जपलेला डिस्कवरचा जुना मजकूर, पुसते, तेही 'क्वायट' लावून, म्हणजे 'नक्की का?' असा प्रश्नही पडद्यावर येत नाही. तिसरी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, पॉलिसी म्हणून 'डिसेबल-एसआर'ची किंमत 1 करते, म्हणजे रीस्टोर बंदच राहावं असा हुकूम.

आता एकेक दावा घेऊ.

जागेचा. याला जुना आधार आहे. विंडोज एक्सपीत रीस्टोरसाठी डिस्कचा 12 टक्क्यांपर्यंत भाग राखला जायचा. 40 जीबीच्या डिस्कवर ते पावणेपाच जीबी, म्हणजे तेव्हा खरंच खुपण्यासारखं. पण ही जागा किती असावी ते ठरवायला मालक मोकळा आहे. ज्या व्हीएसएसअ‍ॅडमिनला या फाइलने झाडू म्हणून वापरलं, त्याच्याच 'लिस्ट शॅडोस्टोरेज' आज्ञेने नेमकी किती जागा गेलीय ते दिसतं आणि 'रिसाइझ शॅडोस्टोरेज'ने कमाल मर्यादा 10 जीबी करता येते. मर्यादा भरली की सर्वांत जुना पॉइंट आपोआप गळतो. मर्यादा एकदम खूप खाली आणलीत तर जुने पॉइंट तिथल्या तिथे जातात, तेवढं ध्यानात ठेवा.

वेगाचा. रीस्टोर पॉइंट म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्रॅम नव्हे. व्हिस्टापासून हे काम शॅडो कॉपीवर चालतं. पॉइंट घेतल्यानंतर डिस्कवरचा एखादा तुकडा पहिल्यांदा बदलायची वेळ आली की त्याचा जुना मजकूर आधी बाजूला काढला जातो, 16 केबीच्या हिशेबाने. त्यामुळे लिहिताना थोडा भार पडतो, हे मान्य. पण 4 जीबी रॅम आणि सुरू होतानाच उघडणारे डझनभर प्रोग्रॅम असलेलं मशीन यामुळे रखडत नाही.

एसएसडीचा. ही डिस्क लिहिण्याने झिजते, म्हणून जरा गणित करू. सॅमसंगच्या 850 इव्हो मालिकेतल्या 250 जीबी ड्राइव्हची अधिकृत लेखन-क्षमता 75 टीबी. पाच वर्षांवर वाटली तर रोज साधारण 41 जीबी. घरात किंवा दुकानात रोज एवढं लिहितंय कोण? दाव्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: शॅडो कॉपी चालू असतील तर विंडोजचा ऑप्टिमायझर महिन्यातून एकदा एसएसडीही डिफ्रॅग करतो, म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र मांडतो, आणि त्यात जास्तीचं लेखन होतं. ते ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात. पण महिन्यातून एकदा.

व्हायरसचा दावा एक्सपीच्या काळातला. तेव्हा रीस्टोरच्या फोल्डरमध्ये अँटिव्हायरसला हात घालता येत नसे, म्हणून साफसफाईपुरतं रीस्टोर बंद करा, असा सल्ला अँटिव्हायरसवालेच द्यायचे. साफसफाईपुरतं, कायमचं नव्हे. पॉइंटमध्ये पडलेली बाधित फाइल आपणहून चालू होत नाही. तुम्ही त्या पॉइंटवर परत गेलात तरच ती परत येते. आणि गंमत बघा, फॉरवर्डमधली दुसरी ओळ जशीच्या तशी मे 2017 मध्ये वॉनाक्राय रॅन्समवेअरने वापरली होती. फायली कुलूपबंद झाल्यावर माणसाला मागे फिरायची वाट राहू नये म्हणून. जे काम खंडणीखोर करतात ते आपण 'टिप' म्हणून स्वतःच करायचं? अनेक अँटिव्हायरस ही ओळ दिसताच बोंब मारतात, आणि फॉरवर्ड सांगतो, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.'

उरला शेवटचा दावा, 'रीस्टोर चालतच नाही'. हा अर्धा खरा आहे, म्हणून इथे थांबायला हवं. विंडोज 10 बसवलेल्या कितीतरी मशीनवर सिस्टम प्रोटेक्शन मुळात बंदच असतं, मग पॉइंट सापडणार कुठून? दुसरं, पॉइंट कायम राहत नाहीत. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीत ते 60 दिवसांपर्यंतच ठेवले जातात. तिसरं कारण स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनाही चकवतं. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-खिडकीतली 'चेकपॉइंट-कम्प्युटर' आज्ञा विंडोज 8 पासून 24 तासांत एकच पॉइंट घेते. 1440 मिनिटांच्या आत पुन्हा चालवलीत तर एरर येत नाही, पिवळ्या अक्षरांत नुसती वॉर्निंग येते. स्क्रिप्ट पुढे जाते, 'झालं' म्हणून छापते, पॉइंट नसतोच. रजिस्ट्रीत 'सिस्टमरीस्टोरपॉइंटक्रिएशनफ्रीक्वेन्सी' ही किंमत 0 केली की ही अट उठते.

आणखी दोन अडथळे. या आज्ञा विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल 5.1 मध्येच आहेत, वेगळ्या उतरवलेल्या 7 मध्ये नाहीत. आणि संरक्षण चालू करणारं 'एनेबल-कम्प्युटररीस्टोर' नुसतं डी ड्राइव्हवर चालवून भागत नाही. सी आधीच चालू असावा किंवा त्याच आज्ञेत सोबत द्यावा लागतो.

रीस्टोर म्हणजे बॅकअप, असं मात्र मी म्हणत नाही. ते त्याच डिस्कवर असतं, डिस्क गेली की तेही गेलं. तुमचे फोटो आणि कागदपत्रं ते परत आणत नाही. त्याचं काम ड्रायव्हर, रजिस्ट्री आणि प्रोग्रॅम मागच्या स्थितीत नेणं एवढंच. पण नेमकं तेवढंच हवं असतं तेव्हा 'रीसेट धिस पीसी' हा फार महाग उपाय ठरतो, कारण फायली ठेवल्या तरी बसवलेले प्रोग्रॅम तो काढून टाकतो.

हे मला कळलं एका पत्रिका छापणाऱ्या दुकानात. लग्नसराई, प्रिंटरचा ड्रायव्हर अपडेट झाला आणि प्रिंटर मुका. दुकानदार काका म्हणाले, "कालच्यावर नेऊन ठेव." मी सिस्टम प्रोटेक्शन उघडलं तर तिथे लिहिलेलं, तुमच्या सिस्टम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने हे बंद केलंय.

"अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कोण?" काकांनी विचारलं. "इथे मीच आहे की!"

पुतण्याने गेल्या महिन्यात ती फाइल चालवली होती, तिसऱ्या ओळीचा हा प्रताप. पॉलिसी काढली, रीस्टोर चालू झालं, पण मागे जायला पॉइंट उरलाच नव्हता. जुना ड्रायव्हर शोधून बसवेपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले. निघण्याआधी त्यांच्या टास्क शेड्युलरमध्ये दर सोमवारी पॉइंट घेणारी एक ओळ टाकली, आणि 'गेट-कम्प्युटररीस्टोरपॉइंट' चालवून तारखा कशा बघायच्या ते पुतण्याकडून दोनदा करून घेतलं.