‘मोरी रोज दिसते’ असे म्हणणाऱ्या वाचकांस

महोदय,

समुद्रातील मोरींच्या, म्हणजे शार्कच्या, घटत्या संख्येविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण चार वाक्यांची प्रतिक्रिया दिली आहे: ‘बाई, पुण्यात बसून दर्याविषयी लिहू नये. मालवणच्या लिलावात मोरी आजही रोज दिसते. परदेशातले आकडे आम्हांला सांगू नयेत. मच्छीमारांच्या पोटावर पाय देऊ नये.’

यातील पहिल्या वाक्याची गरज नव्हती. मुद्दा खोडायचा तर मुद्दा खोडावा, लिहिणाऱ्याचा पत्ता काढू नये. आपण तो काढलाच आहे, म्हणून सांगते: माझे आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर, होते, वडिलांची स्वतःची होडी होती आणि आई वेंगुर्ल्याच्या बाजारात पाटी घेऊन बसत असे. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मोरीचे कालवण द्यायचे असते, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. ‘बाई’ या शब्दामागचा सूरही मी ओळखते. मासे विकणाऱ्या बाईच्या मुलीला तो लहानपणापासून ऐकावा लागतो.

आता ‘रोज दिसते’ याविषयी. कोणती मोरी दिसते? लिलावात मोठ्या प्रमाणावर येते ती चपट्या तोंडाची छोटी मुशी. ती एक-दोन वर्षांत वयात येते आणि एका वेळी बरीच पिल्ले देते, म्हणून इतकी मासेमारी होऊनही ती अजून टिकून आहे. तिच्याच ढिगात कानमुशीची, म्हणजे हातोड्यासारख्या डोक्याच्या मोरीची, हातभर लांबीची पिल्ले असतात. कानमुशीची मादी दोन मीटरच्या पुढे वाढल्यावरच वयात येते, त्याला कित्येक वर्षे लागतात, आणि पिल्ले तिच्या पोटात जवळपास वर्षभर वाढतात. ती किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात जन्मतात, आणि कोळंबीसाठी ट्रॉलरची जाळी ओढली जाते तीही तिथेच. म्हणजे आपण रोज पाहता ती विपुलता नसून पुढच्या पिढीची कापणी आहे. ही जात 2019 पासून आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे. लिलावात उभे राहून लांबी न पाहता ‘आहे की’ म्हणणे, आणि तेही इतक्या ठामपणे, मला बेजबाबदारपणाचे वाटते.

मोरी अशी कोळंबीच्या जाळ्यात सापडते, म्हणून शार्कच्या व्यापारावर केवळ बंदी घालून भागत नाही. शार्कच्या परांची निर्यात 2015 मध्ये बंद झाली. पण आपल्याकडे मोरी परांसाठी धरली जात नाही, ती दुसऱ्या माशांबरोबर जाळ्यात येते आणि इथेच खाल्ली जाते.

‘परदेशातले आकडे’ म्हणून आपण जे झटकले आहेत, ते 2021 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे आहेत: खुल्या समुद्रातील शार्क आणि रे (पाकट) यांची संख्या 1970 पासून 71 टक्क्यांनी घटली, आणि त्यांच्यावरचा मासेमारीचा दाब 18 पट वाढला. त्यात हिंदी महासागर आहे आणि कानमुशीही आहे. यावर अधिक वाद घालण्यासारखे काही मला दिसत नाही.

मच्छीमारांविषयी आपले एवढे म्हणणे मान्य आहे की त्यांनी केलेल्या चांगल्या कामाचाही उल्लेख लेखात शोभला असता. जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क जाळे कापून सोडून देणारे लोक याच किनाऱ्यावर आहेत, आणि अशा संरक्षित प्राण्यासाठी कापलेल्या जाळ्याची भरपाई देणारी योजना महाराष्ट्रात 2018 मध्ये सुरू झाली. पण रापणकरांना दोष देणारे एकही वाक्य मी लिहिलेले नाही. ते दाखवून द्या. उलट मोरी संपली तर ट्रॉलरवाला आणखी खोल पाण्यात जाईल, रापणकर कुठे जाणार आहे?

माझी मागणी एवढीच आहे की कानमुशीचे जिवंत पिल्लू डेकवर आले तर ते लगेच पाण्यात सोडावे. लिलावात त्याला भाव किरकोळ येतो, त्यामुळे यात कोणाच्या पोटावर पाय येत नाही. आपले उत्तर अवश्य लिहा, पण त्यात मोरीची जात आणि लांबी असू द्या. मी कुठे राहते, हा विषय माझ्यापुरता संपला आहे.