एका रात्रीत दहा वर्षांची साधना? थांबा जरा

आयावास्काचा तो फॉरवर्ड आता तिसऱ्यांदा आलाय मला. पेरू देशाच्या जंगलातला हा काढा एकदा प्या, एका रात्रीत दहा वर्षांची साधना होते, उलटीतून जुनं कर्म बाहेर पडतं, नैसर्गिक आहे म्हणून सेफ, आणि वर हाच म्हणे आपला सोमरस. एकेक घेऊ.

सोमरसाचं आधी उरकतो. सोम नेमकी कुठली वनस्पती यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, पण हा काढा ज्या वेलीचा करतात ती दक्षिण अमेरिकेतली, वेदकाळात ती इकडे आली कशी?

नैसर्गिक म्हणून सेफ, तर धोतरा पण नैसर्गिकच आहे की. काढ्यात वेलीबरोबर चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं असतात, त्यात डीएमटी, म्हणजे भास घडवणारं रसायन, पण नुसती पानं उकळून प्यायलं तर पोटातलंच एक एन्झाइम त्या डीएमटीचा निकाल लावतं आणि काही होत नाही, वेलीतलं हार्मिन त्या एन्झाइमला अडवतं म्हणून तर चढतं. आणि नेमकं त्यामुळेच डिप्रेशनच्या गोळ्या चालू असताना कोणी हे घेतलं तर जिवावर बेतू शकतं. फॉरवर्डमध्ये ही ओळ कधीच नसते.

उलटीला तिकडचे शिपिबो लोकही शुद्धी मानतात, ते त्यांचं, त्यावर मी कोण बोलणार. कर्म मात्र आपण चिकटवलंय. आणि जुन्या पद्धतीत बरेचदा काढा वैदू स्वतः पितो, आजार कुठे दडलाय ते बघायला, अंधारात इकारो म्हणजे त्यांची औषधी गाणी म्हणतो, पेशंट पिईलच असं नाही. ओळीने गाद्या टाकून वीस पाहुणे साक्षात्काराची वाट बघत बसलेत हे टुरिझमचं काम.

आता ती दहा वर्षं. 2006 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठवाल्यांनी असलं काही कधीच न घेतलेल्या 36 जणांना सायलोसायबिन दिलं (हे मशरूममधलं, आयावास्का नाही, पण जातकुळी तीच). दोन महिन्यांनी दोन तृतीयांश लोक म्हणाले की आयुष्यातल्या सगळ्यात अर्थपूर्ण पाच अनुभवांत हा येतो. हे सगळे सांगतात. त्याच 36 पैकी 11 जणांची त्या काही तासांत भीतीने गाळण उडाली होती, तेही शेजारी तयारीचा माणूस बसलेला असताना, हे कोणी सांगत नाही. आणि ते सगळे थोडंफार ध्यान, प्रार्थना, चर्च असं काहीतरी आधीपासून करणारेच होते, म्हणजे साधनेची शिदोरी घरूनच नेलेली! अनुभव खोटा असं मी म्हणत नाहीये, पण डोळे दिपले म्हणून स्वभाव बदलला असं होत नाही ना.

माझा एक मित्र गेला होता तिकडे पेरूतल्या पुकाल्पाला, हाच मेसेज वाचून. म्हणाला, शेजारचा ढसाढसा रडतोय, समोरची हसतेय, आणि मला रात्रभर फक्त बादली दिसतेय. परत आल्यावर महिनाभर त्याच्या डोक्यात एकच, आपलंच कर्म वाईट, आपणच कमी पडलो. परवा विचारत होता, परत जाऊ का, या वेळी दोन कप घेऊन बघतो.