टाकीतून टाकीत

काल पुन्हा झालं. पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचं जेवण, मी मिसळीचा दुसरा वाडगा घेऊन कोपऱ्यात सुखात बसलो होतो आणि बायकोने सुरुवात केली, "अरे, तुम्हाला आमच्या पूलच्या मोटरची गोष्ट सांगितली का?" सांगितली होती. निम्म्या लोकांनी ती गणपतीतच ऐकलेली. तरी पुन्हा सगळी सांगितली, आणि शेवट नेहमीचाच, "...आणि मग आबांनी खिशातून रबर काढून दिलं आणि मोटर सुरू!" हशा, टाळ्या, "आबा ग्रेट आहेत हां", आणि एक जण माझ्याकडे वळून, "तू मेकॅनिकल ना रे?"

हो, मेकॅनिकल. पण वीस वर्षं जावा लिहितोय हे कुणी धरत नाही. आणि आबांनी खिशातून रबर काढून दिलं हे शंभर टक्के खरं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ते रबर मुळात खिशात गेलं कसं, हे कुणीच विचारत नाही, याचा मला त्रास होतो.

तर. आम्ही डॅलसच्या वरच्या अंगाला फ्रिस्कोत राहतो. घर घेतलं ते मुलांच्या शाळेसाठी, मागे स्विमिंग पूल होता तो फुकटात मिळाल्यासारखा वाटला. पहिल्या वर्षी चाळीस वेळा पोहलो, दुसऱ्या वर्षी बारा वेळा, आता मुलं पाण्यात उतरायचे पैसे मागतील अशी परिस्थिती आहे. मी मात्र दर शनिवारी जाळी घेऊन पानं काढत उभा. आमच्या आजोबांकडे अंगण झाडायला गडी होता, नातू अमेरिकेत येऊन पाणी झाडतोय.

एप्रिलमध्ये पंप किंचाळायला लागला. बेअरिंग गेलं होतं. पूलवाल्या माणसाने येऊन दोन मिनिटं ऐकलं आणि २२०० डॉलर सांगितले. आता पंप मिळतो साडेनऊशेला, पाइपाचं सामान फार तर शंभराचं, मग उरलेले साडेअकराशे कशाचे? ऐकण्याचे? माझ्यातला पुणेकर उठून बसला. म्हटलं आपणच करू.

माझा जुना पंप दीड हॉर्सपॉवरचा, एकाच स्पीडचा, चालू नाहीतर बंद. मला तसाच हवा होता. पण २०२१ च्या जुलैपासून इथे फेडरल नियम लागू झालाय, त्यामुळे जमिनीतल्या पूलला लागतात ते पंप आता बहुतेक सगळे व्हेरिएबल स्पीडचेच, म्हणजे वेग कमी-जास्त करता येणारे मिळतात, दुप्पट किमतीचे. मी आधी शिव्या दिल्या, मग रात्री बसून गणित केलं तर म्हणणं बरोबर निघालं, याचाच जास्त राग आला. असल्या सेंट्रिफ्यूगल, म्हणजे आतलं चाक फिरवून पाणी फेकणाऱ्या पंपाचा वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण वीज लागते कागदावर आठवा हिस्सा. म्हणजे ३४५० आरपीएमवर आठ तास बोंबलत चालवण्यापेक्षा निम्म्या वेगाने सोळा तास चालवा, पाणी तेवढंच फिरतं आणि वीज लागते चौथा हिस्सा. हे सेकंड इयरला शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं, फक्त ते खरं असतं हे माहीत नव्हतं.

शेजाऱ्याने तीन हॉर्सपॉवरचा बसवलाय, म्हणून मलाही तीनचा मोह झालाच. दुकानातला म्हातारा म्हणाला, तुझ्या पाइपातून जेवढं जाईल तेवढंच जाईल, पंप कितीही मोठा आण. आणि पाइप म्हणजे आमच्याकडे आनंदच. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये जी थंडी पडली त्यात लाइट गेली, लाइट गेली म्हणून पंप थांबले, पंप थांबले म्हणून पाइपात पाणी गोठलं आणि लोकांच्या पूलचे पाइप भेंडीसारखे उकलले. आधीच्या मालकाने त्यानंतर हाताला लागेल त्या तुकड्यांनी जोडाजोड केली होती, दोन इंची मग दीड इंची मग परत दोन इंची, आणि मध्ये वळणाचे इतके एल्बो की पाणी पंपापर्यंत पोचेस्तोवर त्याला घेरी येत असेल. सगळं कापून काढायचं ठरलं.

आणि नेमके त्याच महिन्यात आबा आले.

आबा म्हणजे माझे सासरे. पलूसच्या बाजूचे, कृष्णाकाठ, ऊस आणि थोडी द्राक्षं. किर्लोस्करवाडी सायकलवर जाण्याच्या अंतरावर. औंधच्या राजाने दिलेल्या माळावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला, हे आबा असं सांगतात की वाटतं हे स्वतः टेप धरून उभे होते. त्या भागात पंप हे यंत्र नाही, कुळाचार आहे. लग्नात मला त्यांनी पगार विचारला नव्हता, "घरी पाण्याचं कसं हाय?" विचारलं होतं, आणि मी "टँकर येतो" म्हटल्यावर मुलीकडे ज्या नजरेने बघितलं होतं ती मला अजून आठवते.

शनिवारी सकाळी मी पाइप कापायला बसलो तर हे टोपी घालून, प्लास्टिकची खुर्ची घेऊन, चहाचा कप घेऊन हजर.

"पाव्हणं, फुटबॉल कुठाय?"

माझा मुलगा धावत आत गेला आणि त्याचा तो दोन्हीकडून टोकदार अमेरिकन फुटबॉल घेऊन आला. आबांनी तो हातात घेऊन नीट फिरवून बघितला. मी सांगितलं, अरे, त्यांना फूट व्हॉल्व्ह म्हणायचंय, गावाकडे त्याला फुटबॉल म्हणतात, विहिरीत पाइपाच्या बुडाशी असतो, पाणी खाली उतरू देत नाही. आबांना म्हटलं, याला तो लागत नाही, हा सेल्फ प्रायमिंग आहे.

"म्हंजे?"

"स्वतःच पाणी ओढून घेतो."

"लई बघितल्यात सोताच करणारे," असं म्हणून ते माझ्याकडेच बघत राहिले.

पाइप चिकटवायच्या आधी इथे जांभळा प्रायमर लावतात, मग सोल्युशन. प्रायमर जांभळा अशासाठी की तपासणाऱ्याला लांबूनही दिसावं, लावलाय म्हणून. दिसतंय. पाइपावर दिसतंय, फरशीवर दिसतंय, माझ्या कोपरापर्यंत दिसतंय, सोमवारच्या मीटिंगमध्ये मॅनेजरलाही दिसलं. आबा दर जोडाला, "फिरवा, फिरवा, दाबून धरा, सोडू नका," आणि मी सोडला की, "सोडलासा व्हय?" विजेला मी हात लावला नाही, त्याला लायसनवाला इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने पंपाच्या बाहेरून ती जाड उघडी तांब्याची तार जोडली तेव्हा आबांनी मला भाषांतर करायला लावलं, की अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातलाय का विचारा. मी विचारलं. तो माणूस बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, बार्बेक्यूसाठी?

पंप बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाच्या बास्केटमध्ये बादलीभर पाणी ओतलं, झाकण लावलं, बटण दाबलं. पंप फुल स्पीडला गेला, पारदर्शक झाकणाखाली पाणी नुसतं खळखळलं, बुडबुडे, बुडबुडे, आणि पाच-सात मिनिटांनी स्क्रीनवर एरर. पुन्हा पाणी, पुन्हा बटण, पुन्हा एरर. अकरा वेळा. मी मोजले, कारण दर वेळी मागून आवाज यायचा, "हवा धरलीया."

मला माहीत होतं हवा धरलीय! सक्शनच्या, म्हणजे पाणी ओढायच्या बाजूचा घोळच हा, की तिथे फट असली तर पाणी बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते, त्यामुळे बघायला सगळं कोरडं ठणठणीत आणि पंप मात्र उपाशी.

"शेण हाय का?" आबा म्हणाले.

गावाकडे शेणकाला ओततात मोटरीत, बारीकसारीक फटी बुजतात आणि पाणी धरतं, हे मी ऐकून होतो. म्हटलं आबा, इथे नाही मिळत. चूक झाली. कारण आदल्या दिवशीच दुकानात त्यांनी झाडांच्या सेक्शनमध्ये शेणखताची पिशवी बघितली होती, वर गाईचं चित्र, खाली किंमत, आणि तिच्यासमोर ते देवळात थांबावं तसे थांबले होते. "इकत्यात हितं," ते म्हणाले, आणि उठून बूट घालायला लागले.

शेण टळलं ते फक्त त्यांनी मध्येच मिस्त्रींना फोन लावला म्हणून. मिस्त्री म्हणजे पलूसकडचे मोटर रिवायंडिंगवाले. आमचे सकाळचे नऊ, म्हणजे तिकडचे संध्याकाळचे साडेसात. ज्या वेळी दुकानासमोर अख्खं गाव टेकलेलं असतं बरोबर त्याच वेळी व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर मिस्त्री, मिस्त्रींच्या खांद्यावर एक हनुवटी, हनुवटीवर अजून एक डोकं, मागे कुणीतरी दूध घालायला आलेला किटलीसकट.

"नमस्कार दाजी. मोटर कितीची?"

"दीडची."

"दीडच? बरं. पाणी कुठनं उचलायचं?"

मी फोन पूलकडे फिरवला. तिकडे एकदम शांत. मग हनुवटी म्हणाली, "शेततळं हाय. फरशी घातलीया."

"किती बसतं दाजी?"

पंधरा हजार गॅलन, म्हणजे सत्तावन्न हजार लिटर. तिकडे हिशेब झाला, "सहा टँकर की रं." मग मिस्त्री, "आणि सोडायचं कुठं? किती एकराला?"

आता इथे मी काहीही सांगायला हवं होतं. लॉनला म्हणायचं, झाडांना म्हणायचं. पण अकरा एरर झालेले, डोकं तापलेलं, मी खरं सांगून बसलो. म्हटलं, "इथेच. यातूनच काढतो आणि यातच सोडतो."

"न्हाई, म्हंजे शेवटी कुठं?"

"शेवटीपण यातच."

मिस्त्रींनी फोन जरा लांब धरला. मागून किटलीवाल्याचा आवाज स्पष्ट आला, "मग काढत्यात कशाला?"

मी फिल्टर समजावला. क्लोरीन समजावलं. दिवसातून एकदा सगळं पाणी फिरलं पाहिजे, नाहीतर हिरवं होतं, हे समजावलं. "हिरवं हुईना," कुणीतरी म्हणालं, "आमच्या हिरीचं हायच की." मी म्हटलं मुलं पोहतात. लगेच, "रोज?" आणि माझा मुलगा, ज्याला मराठी येत नाही असं आम्ही चार वर्षं समजत होतो, फोनमध्ये तोंड घालून म्हणाला, "नाही, कधीच नाही."

यावर तिकडे कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. त्यांच्यातल्या एकाने फक्त विचारलं, लाइट कितीची येते, आणि आबांनीच उत्तर दिलं, "चोवीस तास, थ्री फेज नसंना का, पण जात न्हाई." मग त्यांची आपापसात सुरू झाली, की या आठवड्यात रात्रपाळी आहे, बाराला लाइट येते, उसात बॅटरी घेऊन जायला लागतं, परवा मोटरीपाशीच घोणस निघाली. साडेसात एचपीपर्यंतचं बिल २०२४ पासून माफ झालं, तर कुणीतरी म्हणालं, "बिल माफ हाय, लाइटबी माफ केलीया." मी जांभळ्या हातात फोन धरून उभा. माझा पंप सोळा तास पाणी गोल फिरवणार होता आणि ॲपवर त्याचा ग्राफ दिसणार होता. ग्राफबद्दल मी बोललो नाही.

मिस्त्री मात्र कामाचा माणूस. म्हणाले, "दाजी, मोबाईल खाली घ्या. अजून. त्या युनियनपाशी. रबर टाकलंय का आत?"

"टाकलंय."

"दोन्हीकडं?"

मी म्हटलं, अर्थात. इंजिनियर आहे. खोक्यात दोन ओ-रिंग आल्या होत्या, एक डिलिव्हरीला, एक सक्शनला. उघडून दाखवतो, म्हणून मी सक्शनची युनियन, म्हणजे पाइप पंपाला जोडणारा आट्यांचा जोड, फिरवून उघडली, आणि तिथे खाच होती. नुसती खाच.

खोकं उपडं केलं. पाइपांखाली बघितलं. गवतात गुडघ्यावर बसून बघितलं, आणि फोन आता मुलाच्या हातात, त्यामुळे गावाने माझी पाठच बघितली जवळपास पाच मिनिटं. शेवटी आबा खुर्चीतून म्हणाले, "काळं हुतं का?"

"हो."

"एवढं?"

"हो!"

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटांची चवड बाहेर काढली. चवडीवर माझी ओ-रिंग. चहाच्या वेळी टेबलावर पडलेली दिसली, चांगलं रबर आहे, वाया जाईल, म्हणून उचललं. दीड तास त्यांच्या खिशात. "हवा धरलीया" अकरा वेळा म्हणाले तेव्हाही खिशातच!

ओ-रिंग घातली, सिलिकॉन लावलं, युनियन आवळली, बटण दाबलं. दोन मिनिटांत झाकणाखाली पाणी काठोकाठ आणि काचेसारखं स्थिर. पलूसमध्ये टाळ्या वाजल्या. मिस्त्री म्हणाले, "आबांनी बरोबर रबर काढलं बघा."

मी बोललो. तेव्हाही बोललो, कालही बोललो. बायको म्हणते, किती कोता आहेस रे, वयस्कर माणूस आहे.

आबा ऑगस्टमध्ये परत गेले. जाईपर्यंत त्यांचा पंपावर विश्वास बसला नाही, कारण १७०० आरपीएमवर त्याचा आवाजच येत नाही. रात्री दोनला उठून मागे जायचे आणि हात लावून बघायचे, चालू आहे का. त्यांना तशीही त्या वेळेला जाग येते.

मिस्त्रींकडे माझा नंबर राहिला. रोज सकाळी गुड मॉर्निंग येतं, सूर्य, गुलाब, ज्ञानेश्वर माउली. गावात माझं नाव टाकीवालं पाव्हणं पडलंय हे मेव्हण्याकडून कळलं. आणि परवा गुलाबाखाली मिस्त्रींनी पहिल्यांदाच स्वतः टाइप केलं होतं,

"दाजी पानी अजून तितच सोडता का"

मी अंगठा पाठवला.