‘ड्रायव्हर बघून घेतो’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. विमानतळावरून शेजारच्या शहरात जायला खासगी गाडी आधीच कशी बुक करावी, या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही लिहिता, ‘फ्लाइट नंबर दिला की विषय संपला, ड्रायव्हर बघून घेतो. बाकीचा फाफटपसारा घाबरट लोकांसाठी. या कंपन्यांकडून तुम्हाला किती सुटतात?’ शिवाय टोल, बाळाची सीट आणि ‘ट्रेन स्वस्त पडते’ असे तीन ताशेरे वेगळेच.

लेख लांबला, हे मान्य. सामानाचा परिच्छेद निम्म्यात आटोपला असता. पण घाबरट कोण हो? अपरात्री दोन मुलं आणि चार बॅगा घेऊन परक्या गावात उतरणारा माणूस? मुद्दा मांडायला हिणवावं लागत नाही. आणि सुटण्याचं म्हणाल तर छदामही नाही. लेखात एकाही कंपनीचं नाव नाही, एवढं तरी बघायचं होतंत. दुसऱ्यांचे प्रवास आखून देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. फाफटपसारा कशाला म्हणायचं ते मला थोडंफार कळतं.

आता तुमचा तो फ्लाइट नंबर. त्यावरून विमान कुठे आहे ते कळतं, त्यात तुम्ही बसला आहात की नाही ते कळत नाही. पहिलं विमान रखडलं, पुढचं कनेक्टिंग चुकलं, विमान कंपनीनं चार तासांनंतरच्या विमानात जागा दिली, असं समजा. गाडीच्या बुकिंगवर नंबर आहे चुकलेल्या विमानाचा, आणि ते तर तुमच्याविना अगदी वेळेवर उतरलं! ड्रायव्हर पाटी धरून उभा. फुकट वेटिंगची मुदत संपली की बुकिंगवर ‘नो शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही, असा शेरा पडतो आणि पूर्ण भाडं बुडतं. ड्रायव्हरला दोष देता येत नाही, त्यानं विमान नीटच बघितलेलं असतं. म्हणून नवा बोर्डिंग पास हातात पडला की तिथूनच, विमानात चढायच्या आधी, बुकिंग नंबर, नवा फ्लाइट नंबर आणि उतरण्याची नवी वेळ कंपनीला कळवायची. आधी फोन, मग तेच लेखी, म्हणजे पुढे वाद झाला तर पुरावा राहतो.

उतरल्यावर कळवू म्हणाल, तर गावातल्या गावात ते एखाद वेळेस खपून जाईल. शेजारच्या शहराची गाडी मात्र पुष्कळदा त्याच शहरातून रिकामी निघते. अंतर शंभर किलोमीटर असेल तर तुमचं विमान अजून हवेत असतानाच ती रस्त्याला लागलेली असते. तुम्ही उतरून फोन लावाल तोवर ती येऊन, थांबून परतही गेलेली असेल, आणि आयत्या वेळी दुसरी मिळेलच असं नाही.

तारखेची गोम निराळी. विमान १३ तारखेला रात्री २२:४० ला सुटतं आणि ००:३५ ला, म्हणजे १४ तारीख लागल्यावर, उतरतं. तिकिटावर १३ ठळक दिसते, फॉर्ममध्ये तीच भरली जाते, आणि गाडी आदल्या रात्री येऊन जाते. तोच फ्लाइट नंबर रोज उडत असेल तर सिस्टिमही हरकत घेत नाही. फॉर्ममध्ये विमान उतरण्याची वेळ विचारली आहे की पिकअपची, तेही नीट वाचा. पिकअपच्या रकान्यात उतरण्याचीच वेळ टाकली, तर पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा यातच वेटिंग संपतं.

आणि दार? बाझल-म्युलूझ विमानतळ आहे फ्रान्सच्या हद्दीत, पण त्याला स्विस बाजूचं दार वेगळं, फ्रेंच बाजूचं वेगळं. जर्मनीतल्या फ्रायबुर्गला जायची गाडी फ्रेंच बाजूला उभी आणि प्रवासी स्विस दाराबाहेर ताटकळतोय, असं झालं तर फ्लाइट नंबर काय करणार? भेटायची जागा दारासकट लेखी मागून घ्यावी लागते. घाबरट लोक मागतात.

राहिलेले ताशेरे. टोल भाड्यात धरलाय का, हे बुक करताना विचारायचं, लेखात आहेच. बाळाच्या सीटसाठी नुसतं वय सांगून भागत नाही, उंची आणि वजन सांगा, हेही आहे. ट्रेन स्वस्त पडते? पडतेच. ज्याला ती सोयीची, त्यानं खुशाल ट्रेननं जावं, लेख त्याच्यासाठी नव्हताच.

बाकी, ‘ड्रायव्हर बघून घेतो’ असं दुसऱ्यांना सांगताना त्याला फोन कुठे करायचा तेही सांगत चला. त्याचा नंबर बहुधा आदल्या दिवशी, कधीकधी तर काही तास आधीच हाती येतो. तोवर कंपनीचा चोवीस तास चालणारा नंबर, देशाच्या कोडसकट, कागदावर लिहून खिशात ठेवावा. फोनची बॅटरी संपलेली असली तरी तो कुणाच्याही फोनवरून लावता येतो.